जुन्या टू-स्ट्रोक मोटारसायकलींच्या प्रज्वलन-भागांची सुसंगतता : एक औद्योगिक-ऐतिहासिक अभ्यास
(विशेष संदर्भ : जावा व येझदी)

बीजशब्द : टू-स्ट्रोक इंजिन, प्रज्वलन, कॉन्टॅक्ट पॉइंट, सुटे भाग, देशीकरण, कारागिरी.

१. प्रस्तावना

भारताच्या औद्योगिक इतिहासाचे लेखन प्रामुख्याने कारखाने, भांडवल, कामगार चळवळी आणि शासकीय धोरणे यांच्याभोवती झालेले आहे. कारखान्यातून बाहेर पडलेली वस्तू पुढील तीस-चाळीस वर्षे कोणाच्या हातांनी आणि कोणत्या ज्ञानाच्या आधारे चालू राहिली, या प्रश्नाकडे मात्र त्या मानाने कमी लक्ष दिले गेले आहे. दुचाकी वाहनांच्या बाबतीत हा प्रश्न विशेष महत्त्वाचा ठरतो. कारखाना बंद पडतो, परवाना करार संपतो, भागांची छापील यादी दुर्मीळ होते; परंतु वाहन रस्त्यावर असते आणि त्याला सुटे भाग लागत असतात.

या सुट्या भागांमध्ये प्रज्वलनाचे, म्हणजेच इग्निशनचे भाग सर्वांत नाजूक होत. पिस्टन किंवा बेअरिंग यांचे माप घेता येते आणि बहुतांशी त्या मापावर त्यांची निवड होते. कॉन्टॅक्ट पॉइंट, कंडेन्सर, कॉइल आणि प्लग यांच्याबाबत तसे होत नाही. ते जागेवर बसतात, गाडी सुरूही होते, आणि तरीही ते चुकीचे असू शकतात. ‘बसणारा भाग’ आणि ‘चालणारा भाग’ यांतील हे अंतर कसे निर्माण झाले व ते कोणी भरून काढले, याचा शोध प्रस्तुत लेखात घेण्याचा प्रयत्न केला आहे.

२. अभ्यासाची उद्दिष्टे व पद्धती

प्रस्तुत लेखाची उद्दिष्टे पुढीलप्रमाणे आहेत.
१) टू-स्ट्रोक मोटारसायकलींच्या प्रज्वलन-तंत्राची ऐतिहासिक पार्श्वभूमी स्पष्ट करणे.
२) जावा व येझदी या गाड्यांच्या संदर्भात सुसंगत भाग शोधण्याच्या प्रश्नाचे स्वरूप मांडणे.
३) या प्रश्नाच्या सोडवणुकीत बाजारपेठ व कारागीर यांनी बजावलेल्या भूमिकेचे मूल्यमापन करणे.

अभ्यासासाठी ऐतिहासिक व वर्णनात्मक पद्धतीचा अवलंब केला असून प्रकाशित माहितीबरोबरच प्रत्यक्ष भागांची रचना हेही एक ऐतिहासिक साधन मानले आहे. नाण्यावरून राजवटीचा आणि खापरावरून वस्तीचा अंदाज बांधता येत असेल, तर कॉन्टॅक्ट पॉइंटच्या जोडीवरून एका औद्योगिक कालखंडाचा अंदाज बांधता येण्यास हरकत नसावी.

३. प्रज्वलन-तंत्राची पार्श्वभूमी

पेट्रोल इंजिनात इंधन व हवा यांचे मिश्रण योग्य क्षणी पेटवण्यासाठी ठिणगीची आवश्यकता असते. रॉबर्ट बॉश यांनी १८८७ मध्ये स्थिर इंजिनासाठी मॅग्नेटो तयार केला आणि १८९७ मध्ये तो प्रथमच वाहनावर बसवला गेला. त्यांचे सहकारी गॉटलोब होनोल्ड यांनी १९०२ मध्ये उच्च दाबाचा मॅग्नेटो व स्पार्क प्लग यांची जोडी सिद्ध केली. यानंतर सुमारे १९१० मध्ये अमेरिकेत चार्ल्स केटरिंग यांनी बॅटरी, कॉइल आणि कॉन्टॅक्ट पॉइंट यांवर आधारित पद्धती विकसित केली. पुढील साठ-सत्तर वर्षे जगातील बहुसंख्य मोटारसायकली या दोन घराण्यांत विभागल्या गेल्या : वीज स्वतः निर्माण करणारे मॅग्नेटोचे घराणे आणि बॅटरीतून वीज घेणारे कॉइलचे घराणे.

दोन्ही घराण्यांत पॉइंट व कंडेन्सर असतात. दोन्हींमध्ये पॉइंट उघडताच प्राथमिक गुंडाळीतील चुंबकीय क्षेत्र कोसळते आणि द्वितीयक गुंडाळीत हजारो व्होल्टचा दाब निर्माण होतो. तथापि मॅग्नेटोमध्ये पॉइंट उघडण्याचा क्षण चुंबकाच्या स्थितीशीही जुळावा लागतो. बॅटरीच्या पद्धतीत ही अट नसते. त्यामुळे दिसण्यात सारखे असलेले दोन भाग कामात भिन्न ठरतात.

टू-स्ट्रोक इंजिनात क्रँकशाफ्टच्या प्रत्येक फेऱ्याला एक ठिणगी लागते. इंजिन मिनिटाला ४५०० फेरे घेत असेल, तर पॉइंट सेकंदाला ७५ वेळा उघडतात व मिटतात. त्याच वेगाने चालणाऱ्या एका सिलिंडरच्या फोर-स्ट्रोक इंजिनाला याच्या निम्म्याच ठिणग्या पुरतात. शिवाय अनेक टू-स्ट्रोक गाड्यांत ठिणगीचा क्षण स्थिर असतो; वेगाप्रमाणे तो आपोआप पुढेमागे होत नाही. त्यामुळे तो क्षण लावताना झालेला फरक सर्व वेगांवर भोवतो.

येथे एका जागतिक उदाहरणाचा उल्लेख आवश्यक वाटतो. जर्मनीतील डीकेडब्ल्यू कंपनीची आरटी १२५ ही दुसऱ्या महायुद्धापूर्वीची छोटी टू-स्ट्रोक गाडी युद्धानंतर अनेक देशांत अनुकरणाचा विषय झाली. सोव्हिएत संघातील मॉस्क्वा एम-१-ए, ब्रिटनमधील बीएसए बँटम, अमेरिकेतील हार्ले-डेव्हिडसनची १२५ सीसीची गाडी आणि जपानमधील यामाहाची १९५५ची वायए-१ या सर्वांचे मूळ या एकाच रचनेत आहे. ब्रिटिश बँटमचे इंजिन तर गिअरचा पाय उजवीकडे यावा म्हणून आरशातील प्रतिमेप्रमाणे उलटे केले गेले. मात्र तिच्यावर बसलेली विद्युत यंत्रणा जर्मन नव्हती. ती विको-पेसी या ब्रिटनमधील पुरवठादाराची होती. इंजिनाचे आरेखन सीमा ओलांडून गेले, प्रज्वलनाचे भाग मात्र प्रत्येक देशाने आपापल्या पुरवठादाराकडून घेतले. सुसंगततेचा प्रश्न मूलतः येथे जन्मास येतो.

४. जावा ते येझदी : एक देशीकरण

फ्रांटिशेक यानेचेक यांनी १९२९ मध्ये वाँडरर या जर्मन कंपनीचा मोटारसायकल विभाग घेतला आणि दोन्ही नावांच्या आद्याक्षरांतून ‘जावा’ हे नाव तयार झाले. युद्धोत्तर चेकोस्लोव्हाकियात या कंपनीच्या २५० सीसी टू-स्ट्रोक गाड्यांनी जगभर निर्यात मिळवली. मुंबईच्या इराणी कुटुंबाच्या पुढाकाराने म्हैसूर येथे आयडियल जावा ही कंपनी स्थापन झाली आणि १९६१ पासून तेथे उत्पादन सुरू झाले. ६५ मिलिमीटर व्यासाचा सिलिंडर आणि ७५ मिलिमीटरचा स्ट्रोक असलेली, दोन सायलेन्सरची, किकचाच दांडा पुढे सरकवून गिअर टाकण्याची ही गाडी महाराष्ट्रातही लोकप्रिय झाली. १९७३ पासून कंपनीने ‘येझदी’ हे नाव स्वीकारले. १९७८ मध्ये रोडकिंग आली. १९९६ मध्ये कारखाना बंद झाला.

या ३५ वर्षांचा आर्थिक संदर्भ ध्यानात घेतला पाहिजे. परकीय चलनाची टंचाई, आयात परवाने आणि देशी भागांचे प्रमाण वाढवण्याचे धोरण यांमुळे चेकोस्लोव्हाकियातून येणाऱ्या भागांची जागा क्रमाक्रमाने भारतीय भागांनी घेतली. मूळ जावाची विद्युत यंत्रणा ‘पाल’ या चेक छापाची होती. भारतात १९५१ मध्ये बंगळूर येथे बॉशच्या सहकार्याने स्थापन झालेली मोटर इंडस्ट्रीज कंपनी, म्हणजेच ‘मायको’, हिचे प्लग घरोघरी परिचित झाले. वाहनांच्या विद्युत भागांसाठी लुकास-टीव्हीएस ही कंपनी १९६१ मध्ये तत्कालीन मद्रास येथे सुरू झाली. असे मोजके पुरवठादार अनेक वाहनांना भाग पुरवीत असल्याने एका गाडीचा भाग दुसऱ्या गाडीला चालण्याची शक्यता भारतात वाढली, असे अनुमान काढता येते. आज ज्याला ‘चालणारा भाग’ म्हटले जाते त्याचे मूळ बहुधा या बंदिस्त अर्थव्यवस्थेत असावे.

५. भागवार विवेचन

५.१ प्लग : प्लगचे आटे हे प्रमाणीकरणाचे उत्तम उदाहरण आहे. १४ मिलिमीटर व्यासाचा, १२.७ मिलिमीटर आट्याचा आखूड प्लग जावा, बजाज स्कूटर, यामाहा आरएक्स १००, राजदूत ३५० अशा अनेक टू-स्ट्रोक गाड्यांत वापरला गेला. हातात घेतल्यास हे सर्व प्लग सारखेच दिसतात. फरक असतो तो उष्णता-क्रमांकात. प्लगच्या टोकाची उष्णता किती वेगाने सिलिंडर हेडकडे जाते, हे त्या क्रमांकावरून कळते. उष्णता धरून ठेवणाऱ्यास ‘गरम’ व सोडून देणाऱ्यास ‘थंड’ प्लग म्हणतात. गरम प्लग वापरल्यास मिश्रण वेळेपूर्वी पेटून पिस्टनच्या माथ्याला भोक पडू शकते. थंड प्लग वापरल्यास पेट्रोलमधील ऑइलची काजळी धरून ठिणगी मंदावते.

खरी अडचण क्रमांकांच्या भाषेची आहे. बॉश व मायको यांच्या जुन्या पद्धतीत मोठा आकडा म्हणजे थंड प्लग. १७५ पेक्षा २२५ थंड. नव्या पद्धतीत हा क्रम उलटला. जुना १७५ म्हणजे नवा ७ आणि जुना २२५ म्हणजे नवा ५, म्हणजे लहान आकडा थंड झाला. जपानच्या एनजीकेमध्ये मोठा आकडा थंड, तर अमेरिकेच्या चॅम्पियनमध्ये मोठा आकडा गरम. १९६० च्या दशकातील पुस्तिका हाती असलेला मालक आजच्या खोक्यावरील आकडा वाचतो तेव्हा तो वेगळ्याच लिपीतील मजकूर वाचत असतो. त्यातच २००८ मध्ये मायकोचे नाव बॉश लिमिटेड असे झाल्याने खोक्यावरील ओळखही बदलली. येथे सुसंगतता शोधणे म्हणजे प्रत्यक्षात जुन्या आकड्यांचे वाचन करणे होय.

५.२ कॉन्टॅक्ट पॉइंट : जावाचा पॉइंट डायनॅमोच्या टोकाशी, क्रँकशाफ्टवरील कॅमवर चालतो. दोन पॉइंटांतील फट साधारण ०.४ मिलिमीटर ठेवली जाते. पर्यायी पॉइंट निवडताना खिळीचा व्यास, स्प्रिंगचा ताण, दोन्ही तोंडांची उंची, कॅमवर घासणाऱ्या फायबरच्या टाचेची लांबी आणि कॅम फिरण्याची दिशा एवढ्या बाबी जुळाव्या लागतात. टाच लांब असेल तर पॉइंट लवकर उघडतात आणि ठिणगी वेळेआधी पडते; टाच झिजली तर फट कमी होऊन ठिणगी उशिरा पडते. स्प्रिंग कमजोर असेल तर वेगात पॉइंट नीट मिटत नाहीत आणि गाडी ‘मिसिंग’ मारते. कॅमची दिशा विरुद्ध असेल तर टाच झपाट्याने झिजते.

ठिणगी वेळेआधी पडत राहिल्यास किक मारताना गाडी उलटी लाथ मारते, चढावर इंजिन ठोके देते आणि पिस्टन तापून अडकतो. काही रुपयांचा पॉइंट अशा रीतीने आता न मिळणाऱ्या पिस्टनचा नाश करू शकतो. म्हणूनच जाणते कारागीर पॉइंट बदलल्यावर केवळ फट पाहून थांबत नाहीत. प्लगच्या भोकातून पिस्टनची जागा मोजून आणि पॉइंटला छोटा दिवा जोडून, तो नेमका कोणत्या क्षणी विझतो वा पेटतो हे पाहून ते टायमिंग लावतात. ज्या इंजिनात दोन सिलिंडर, दोन पॉइंट आणि दोन कॉइल आहेत अशा राजदूत ३५० मध्ये हे काम दोनदा आणि परस्परांशी जुळवून करावे लागते.

५.३ कंडेन्सर : पॉइंट उघडताना त्यांच्यात पडणारी ठिणगी शोषून घेणे आणि कॉइलमधील चुंबकीय क्षेत्र त्वरेने कोसळू देणे, ही कंडेन्सरची दोन कामे. त्याची धारिता योग्य नसल्यास एका तोंडावरील धातू दुसऱ्या तोंडावर जाऊन एकीकडे खड्डा व दुसरीकडे उंचवटा तयार होतो. तो उंचवटा कोणत्या बाजूला आहे यावरून धारिता कमी आहे की जास्त, हे अनुभवी फिटर ओळखतो. कंडेन्सरचे आणखी एक वैशिष्ट्य असे, की ‘जुना कोरा माल’ येथे नेहमी श्रेष्ठ ठरत नाही. कागदी वेष्टनाचा कंडेन्सर न वापरता पडून राहिला तरी ओलाव्याने निकामी होऊ शकतो. गाडी थंड असताना सुरू होते, तापल्यावर बंद पडते आणि निवल्यावर पुन्हा सुरू होते, ही तक्रार पुष्कळदा कंडेन्सरची असते. दोष मात्र कार्बोरेटरला दिला जातो. कंडेन्सर इंजिनाच्या तापत्या झाकणातून काढून बाहेर, कॉइलजवळ बसवण्याची युक्ती या अनुभवातूनच रूढ झाली.

५.४ कॉइल : जुन्या जावाची यंत्रणा ६ व्होल्टची. भारतातील अँबॅसिडर व फियाट ११०० या मोटारींची १२ व्होल्टची. त्यामुळे मोटारींच्या बाजारात मुबलक मिळणारी कॉइल जावाला जशीच्या तशी उपयोगी पडत नाही. १२ व्होल्टची कॉइल ६ व्होल्टवर क्षीण ठिणगी देते. उलट ६ व्होल्टची कॉइल १२ व्होल्टवर अधिक प्रवाह ओढून स्वतः तापते आणि पॉइंट जाळते. दुसऱ्या महायुद्धातील विलिस जीप ६ व्होल्टची असल्याने तिच्या जातीची कॉइल तत्त्वतः जवळची ठरते. व्होल्ट आणि प्राथमिक गुंडाळीचा रोध जुळत असल्यास मोटारीची कॉइल एका सिलिंडरच्या टू-स्ट्रोकला सहज पुरते, कारण चार सिलिंडरच्या मोटारीत तिला प्रत्येक फेऱ्याला दोन ठिणग्या द्याव्या लागतात. मॅग्नेटो असलेल्या स्कूटरची बाहेर बसवलेली कॉइल मात्र दिसायला तशीच असूनही वेगळ्या घराण्यातील असते व बॅटरीवर जोडल्यास अपयशी ठरते.

६. बाजारपेठ आणि कारागीर

कारखाना बंद पडल्यानंतर सुसंगततेचे ज्ञान कंपनीच्या कचेरीतून बाजारपेठेत स्थलांतरित झाले. पुण्यातील नाना पेठ, मुंबईतील ऑपेरा हाऊसचा परिसर, दिल्लीतील करोलबाग, बंगळूरचा जे. सी. रोड ही सुट्या भागांची परिचित केंद्रे होत. पुण्याच्या जुन्या बाजारासारख्या ठिकाणी वापरलेले भागही मिळत आले आहेत. या बाजारपेठेची भाषा स्वतंत्र आहे. तेथे भागाला क्रमांकाने क्वचितच ओळखले जाते. ‘ओरिजिनल’, ‘लोकल’, ‘डुप्लिकेट’ या प्रतवाऱ्या आणि ‘नमुना घेऊन या’ हे वाक्य हाच तेथील व्यवहाराचा पाया आहे.

‘नमुना’ ही संकल्पना इतिहासाच्या दृष्टीने लक्षणीय आहे. ज्या समाजात छापील कॅटलॉग सर्वांपर्यंत पोहोचला नाही, तेथे झिजलेला भाग हाच दस्तऐवज झाला. दुकानदार तो बोटांत फिरवतो, खिळीत दुसरी खिळी घालून पाहतो, टाचेशी टाच लावतो आणि निर्णय देतो. तथापि या पद्धतीची मर्यादाही याच ठिकाणी आहे. झिजलेल्या टाचेशी जुळवलेला नवा पॉइंट झिजेचेच माप पुढे नेतो. कंडेन्सरची धारिता आणि कॉइलचा रोध तर डोळ्यांना दिसतच नाही. नमुन्याच्या या उणिवा भरून काढतो तो टायमिंग लावणारा कारागीर. दुकानदाराचे आकारज्ञान आणि कारागिराचे कार्यज्ञान यांच्या संयोगातून ‘सुसंगत भाग’ सिद्ध होतो. दोहोंपैकी एक नाहीसे झाले तर दुसरे अपुरे पडते.

हे ज्ञान प्रायः मौखिक आहे. उस्तादाकडून शागिर्दाकडे ते काम करता करता गेले. मराठीत त्याची व्यवस्थित नोंद झाल्याचे अपवादानेच दिसते.

७. इलेक्ट्रॉनिक प्रज्वलन आणि मूळ स्वरूपाचा प्रश्न

१९८५ मध्ये भारतात आलेल्या यामाहा आरएक्स १०० सारख्या गाड्यांत इलेक्ट्रॉनिक प्रज्वलन होते. त्यांत पॉइंट नाहीत, त्यामुळे पॉइंट घासण्याचे कारण नाही. १९९१, १९९६ व २००० मधील प्रदूषण-नियमांच्या वाढत्या कडकपणामुळे टू-स्ट्रोक मोटारसायकली क्रमशः बाजारातून मागे पडल्या. पॉइंटवर हात बसलेल्या कारागिरांची नवी पिढी घडण्याचे कारण त्याबरोबरच संपले. ‘जावा’ हे नाव २०१८ मध्ये आणि ‘येझदी’ हे नाव २०२२ मध्ये बाजारात परतले. परंतु या नव्या गाड्या फोर-स्ट्रोक असल्याने त्यांच्या प्रज्वलन-भागांचा जुन्या गाड्यांना उपयोग नाही. नाव परतले तरी भाग परतले नाहीत.

यावर एक उपाय म्हणून जुन्या जावावर बसणारे १२ व्होल्टचे इलेक्ट्रॉनिक संच पुढे आले. चेकियातील व्हेप कंपनीचे संच त्यांपैकी प्रसिद्ध आहेत. त्यांत डायनॅमो, पॉइंट, कंडेन्सर व कॉइल ही सर्वच मंडळी एकदम निवृत्त होतात. गाडी पहिल्या किकला सुरू होते, दिवा प्रखर लागतो. नित्य वापरासाठी हा मार्ग सोयीचा आहे, हे मान्य करावयास हवे.

तथापि वारसा म्हणून वाहन जपावयाचे असेल तर वेगळा विचार करावा लागतो. केंद्र शासनाने जुलै २०२१ मध्ये मोटार वाहन नियमांत केलेल्या दुरुस्तीनुसार ५० वर्षांपेक्षा जुने, मूळ स्वरूपात राखलेले आणि सांगाडा, बाह्यांग वा इंजिन यांत मोठा बदल न झालेले दुचाकी वा चारचाकी वाहन ‘व्हिंटेज’ मानले जाते. म्हैसूरच्या पहिल्या दशकातील जावा आता या वयोमर्यादेत बसतात. प्रज्वलन-यंत्रणा पूर्णतः बदललेली गाडी ‘मूळ स्वरूपात’ म्हणावी काय, हा प्रश्न यापुढे केवळ हौशी मंडळींच्या चर्चेपुरता राहणार नाही. मूळ यंत्रणा टिकवावयाची तर सुसंगत भाग हवेत. आणि ते ओळखणारे कारागीर वयोवृद्ध होत आहेत.

८. निष्कर्ष

१) प्रज्वलन-भागांची सुसंगतता ही केवळ आकाराची बाब नसून ठिणगीची वेळ, धारिता, रोध, व्होल्ट आणि उष्णता-क्रमांक यांच्या मेळाची बाब आहे.
२) भारतात पर्यायी भाग उपलब्ध होण्यामागे परवाना-काळातील देशीकरण व मोजके पुरवठादार ही ऐतिहासिक कारणे संभवतात.
३) कारखाना बंद झाल्यावर हे ज्ञान दुकानदार व कारागीर यांच्याकडे गेले. ते मौखिक असल्याने त्याच्या लोपाचा धोका भाग दुर्मीळ होण्याच्या धोक्यापेक्षा मोठा आहे. पॉइंट पुन्हा घडवता येतो; तो लावण्याची नजर पुन्हा घडवणे अवघड आहे.
४) इलेक्ट्रॉनिक संच वाहन चालू ठेवतात, परंतु ते वाहन ज्या तंत्रकाळाचे आहे त्याची साक्ष पुसतात.

९. सूचना

जुलै महिन्याच्या दुसऱ्या रविवारी पुणे, मुंबईसह अनेक शहरांत जावा-येझदीचे मालक एकत्र येतात. अशा मेळाव्यांच्या निमित्ताने महाविद्यालयांच्या इतिहास विभागांनी ज्येष्ठ कारागिरांच्या मुलाखती ध्वनिमुद्रित कराव्यात. भौतिकशास्त्र विभागाने उपलब्ध पॉइंट, कंडेन्सर व कॉइल यांची मापे, धारिता व रोध मोजून तक्ता तयार करावा. औद्योगिक प्रशिक्षण संस्थांनी टायमिंग लावण्याचे प्रात्यक्षिक चित्रित करून ठेवावे. बदललेले मूळ भाग मालकांनी भंगारात न देता गाडीसोबत जपावेत. या कामांना मोठा निधी लागत नाही. लागते ती तत्परता, कारण या विषयाची सर्वांत मोलाची साधने कपाटात नसून माणसांच्या हातांत आहेत.